सुट्टीतलं वाचन: पाच मराठी पुस्तकं, आणि ती कशात वाचायची

मे महिन्यात हौसेनं घेतलेली कादंबरी जूनमध्ये चाळिसाव्या पानावर कोपरा दुमडलेली सापडते. दर वेळी कादंबरीच वाईट असते असं नाही. मराठीतलं बरंचसं चांगलं नवं लेखन बोलीत आहे. त्या बोलीला कान लागायला पंचवीस-तीस पानं जातात आणि नेमकी तेवढीच पानं आपण एसटीच्या स्टँडवर किंवा पोरांच्या गोंधळात वाचायला काढतो. त्यात बाइंडिंग कडक असेल किंवा ई-बुकात जोडाक्षरं फुटलेली असतील, तर संपलंच. म्हणून इथे पुस्तकं कशी आहेत ते सांगताना ती कुठे अडतात, का अडतात आणि कोणत्या रूपात घ्यावीत, हेही सांगितलं आहे.

सुट्टीसाठी पुस्तकं विचारणारा बहुधा ‘ताजी’ पुस्तकं मागतो, म्हणून आधी त्या शब्दाचा हिशेब. यातलं एकही पुस्तक गेल्या महिन्यात आलेलं नाही, आणि तसं असायचं कारणही नाही. गुढीपाडव्याला आणि साहित्य संमेलनाच्या आसपास मराठीत पुस्तकांची लाट येते. त्यातलं काय टिकलं ते कळायला दोन-तीन वर्षं लागतात. साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार साधारण डिसेंबरात जाहीर होतो. युवा आणि बाल साहित्य पुरस्कार जूनमध्ये, म्हणजे शाळा सुरू व्हायच्या सुमारास जाहीर होतात. त्यामुळे सुट्टीतल्या वाचकाच्या हाती नेहमी आदल्या वर्षाची यादी असते. एकेकाळी हजाराची आवृत्ती निघायची. आता पाचशेची किंवा त्याहून लहान निघते. पुरस्काराची बातमी आली की दुकानातल्या प्रती आठवड्यात संपतात आणि नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. बातमी थंड झाल्यावर घेतलेलं पुस्तक सुधारलेल्या आवृत्तीत, कमी मुद्रणदोषांसह मिळण्याची शक्यता जास्त. घाई करून काही हाती लागत नाही.

रिंगाण (कृष्णात खोत, शब्द पब्लिकेशन)

पाचांत सगळ्यात वर हीच. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार हिला मिळाला. धरणात गाव गेलं, माणसं उठून दुसरीकडे वसली, म्हैस मात्र मागेच राहिली. तिला आणायला माणूस परत जातो, तोवर ती माणसाळलेली उरलेलीच नसते. कथानक सांगायला एवढंच आहे, आणि कादंबरीचा जोर त्याच काटकसरीत आहे. विस्थापितांवर मराठीत कमी लिहिलं गेलेलं नाही. पण त्यातल्या पुष्कळ लेखनात मोर्चे, कचेऱ्या, अधिकारी आणि भाषणं यांची गर्दी असते. इथे प्रश्न एका जनावराच्या आणि एका माणसाच्या झटापटीत आणून ठेवला आहे. कुणाचं रान, कुणाचा गोठा, आणि कोण कुणाला उपरा, हे कुणी तोंडानं बोलून दाखवायची गरजच पडत नाही.

अडचण भाषेची. पात्रांच्या बोलण्यापुरती बोली आणि निवेदन प्रमाण मराठीत, अशी सोयीची वाटणी इथे नाही. सगळा मजकूरच पन्हाळा-कोल्हापूर बाजूच्या बोलीच्या वळणानं जातो. पुण्या-मुंबईचा किंवा विदर्भातला वाचक सुरुवातीला अडखळतो तो शब्दांपेक्षा क्रियापदांच्या रूपांवर. ‘हुतं’, ‘न्हाई’, ‘गेल्यालं’, ‘आल्यालं’ ही रूपं डोळ्यांना अनोळखी असतात, कानाला नसतात. म्हणून उपाय सोपा आहे. पहिली दहा पानं मोठ्यानं वाचा, निदान ओठ हलवून. दहाव्या पानानंतर डोळे आपोआप वेग धरतात. शब्दकोश घेऊन बसू नका. दावं (जनावर बांधायची दोरी), कासरा (हाकायची लांब दोरी), गव्हाण (चारा टाकायची जागा), वैरण (चारा), वेसण (नाकातली दोरी) एवढी गोठ्याची शिदोरी असली की बाकीचं संदर्भानं कळतं. प्रत्येक शब्दापाशी थांबलात तर लय तुटते, आणि ही कादंबरी लयीवरच चालते.

वेगाचाही अंदाज ठेवा. डेमी आकाराच्या, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकाराच्या, मराठी पुस्तकात पानाला साधारण अडीचशे ते पावणेतीनशे शब्द बसतात. सरावाच्या वाचकाला प्रमाण मराठीतलं पान दीड मिनिटात होतं. बोलीतलं पान सुरुवातीला अडीच मिनिटं घेतं, पुढे पावणेदोनवर येतं. तेव्हा पहिल्या बैठकीला सलग सव्वा तास द्या आणि तीस पानांच्या पुढे जाऊनच उठा. रोज रात्री झोपताना पाच-पाच पानं वाचायची असतील, तर ‘रिंगाण’ घेऊ नका. रोज नव्यानं कान लावावा लागेल आणि दोष कादंबरीला द्याल.

एक तक्रारही आहे. माणूस आणि म्हैस समोरासमोर आल्यावर झटापट लांबते, आणि काही ठिकाणी तोच ताण पुन्हा घुसळला जातो असं वाटतं. तिथे पानं उलटायचा मोह होईल. उलटू नका, जनावराच्या बाजूनं पारडं फिरतं ते त्याच भागात. खोतांची आधीची ‘गावठाण’, ‘रौंदाळा’, ‘झड-झिंबड’ वाचलेली असली तर बरं, नसली तरी काही अडत नाही. उलट खोत वाचायला सुरुवात करायची तर ‘रिंगाण’पासूनच करावी. पसारा कमी आहे आणि रोख स्पष्ट आहे.

उसवण (देविदास सौदागर, देशमुख आणि कंपनी)

२०२४चा युवा पुरस्कार मिळालेली छोटेखानी कादंबरी. विठू हा शिंपी आणि त्याच्या धंद्यावर आलेलं रेडिमेड कपड्यांचं संकट. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले, आणि ते वाचताना कळतं. माप घेणं, काज-बटण, उधारी, सणाच्या तोंडावरची गर्दी आणि एरवीचा शुकशुकाट हे सगळं बाहेरून बघून लिहिलेलं नाही. कारागिराचा धंदा एका दिवसात बसत नाही. आधी नवे कपडे शिवायला येणारी गिऱ्हाइकं कमी होतात, मग फक्त अल्टरची कामं उरतात, मग तीही फुकटात मागितली जातात. धंद्याची ही उतरंड मराठीत इतक्या जवळून क्वचितच आली आहे.

सुट्टीत कादंबरी हातात धरायची सवय मोडली असेल, त्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी. दुपारी जेवण झाल्यावर घेतली तर चहाच्या वेळेच्या थोडं पुढे संपते. भाषा मराठवाड्याच्या वळणाची असली तरी अडवणारी नाही. घडामोडींची अपेक्षा मात्र ठेवू नका. खलनायक नाही, मोठं वळण नाही, शेवटी टाळीचं वाक्य नाही. काही जणांना हीच गोष्ट कमी वाटेल, आणि काही प्रसंग अजून थोडे खोदले असते तर चाललं असतं, हे खरंच आहे. पण दीडशे पानांचा ऐवज चारशे पानांत ताणायच्या आजच्या रिवाजात इथला आटोपशीरपणा दाद देण्यासारखा आहे. दहावी-बारावीच्या सुट्टीतल्या मुलांना द्यायला पाचांत हीच सगळ्यात योग्य.

बाळूच्या अवस्थांतराची डायरी (किरण गुरव)

२०२१चा साहित्य अकादमी पुरस्कार कथासंग्रहाला मिळाला, ही बातमी तेव्हा जेवढी गाजायला हवी होती तेवढी गाजली नाही. मराठीत कथासंग्रह विकला जात नाही, अशी दुकानदारांची जुनी तक्रार. वाचकाच्या बाजूनं पाहिलं तर कारण वेगळं दिसतं. कथा म्हणजे दिवाळी अंकातली दहा मिनिटांत वाचून होणारी गोष्ट, असा हिशेब मनात पक्का बसलेला असतो. गुरवांच्या कथा त्या हिशेबात बसत नाहीत. त्या चांगल्या लांब आहेत, सावकाश पसरतात आणि मधल्या गमतीजमतींतून पुढे सरकतात. अर्ध्यावर सोडून दुसऱ्या दिवशी उचलली तर निम्मी गंमत गेलेली असते.

म्हणून एक बैठक, एक कथा. तासभर मोकळा नसेल तर सुरूच करू नका. संग्रह ओळीनं वाचायची सक्ती नाही. शीर्षककथा आधी वाचलीत तर लेखकाचा सूर कळतो: खेड्यातून शिकायला बाहेर पडलेल्या मुलाचं बुजरेपण, त्याचं स्वतःकडेच तिरकस बघणं, आणि हसता हसता मध्येच लागणारी कळ. दोन कथांच्या मध्ये निदान एक रात्र जाऊ द्या. सलग वाचल्यास सूर एकसारखा वाटायला लागतो. तो एकसारखा नाही, पण एका दमात तसा भासतो.

ग्रामीण कथा म्हटलं की दुष्काळ, कर्ज, आत्महत्या एवढंच येणार, अशी ज्यांची समजूत झाली आहे त्यांनी हा संग्रह मुद्दाम वाचावा. इथे दारिद्र्य आहे, पण ते दाखवण्यासाठी मांडलेलं नाही.

उजव्या सोंडेच्या बाहुल्या (प्रवीण दशरथ बांदेकर)

२०२२चा साहित्य अकादमी पुरस्कार. पाचांत सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाकांक्षी. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा निवेदक, बाहुल्या आणि माणसं यांची सरमिसळ, आणि त्याआडून सिंधुदुर्गातलं आजचं राजकारण, जात, धर्म, दहशत. एक गोष्ट सुरू होते, तिच्यातून दुसरी फुटते, पहिली कुठे सोडली होती ते तीस पानांनी आठवावं लागतं. हा दोष नाही, रचनाच तशी आहे. पण प्रवासात, चार माणसांत किंवा मोबाइल शेजारी ठेवून वाचाल तर नक्की हरवाल.

ही छापील प्रतीतच घ्या. कारण व्यवहाराचं आहे: मागे जाऊन पाहावं लागतं, आणि कागदावर ‘डाव्या पानावर, वरच्या बाजूला, पुस्तकाच्या पहिल्या पावात’ एवढ्या खुणेवर मजकूर सापडतो. पडद्यावर सापडत नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं पात्रांची नावं आणि पानांचे आकडे लिहीत गेलात तर वाचन निम्म्यानं सोपं होतं. सुट्टीत तळकोकणात जाणार असाल तर कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातल्या कलावंतांनी जपलेल्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत सांगायची गोष्ट) पाहून मग कादंबरी उघडा. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. दोऱ्या कुठे बांधतात, बाहुलीचा हात उचलला की खांदा कसा कलतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कादंबरीतलं कोण कुणाला नाचवतंय हे नुसतं रूपक राहत नाही.

राजकीय टीका काही जागी उघडी पडते, लेखक बाहुलीच्या तोंडून स्वतःच बोलतोय असं वाटतं. तेवढं सोडून द्यावं.

समशेर आणि भूतबंगला (भारत सासणे)

मुलांसाठी. २०२४चा बाल साहित्य पुरस्कार. मोठ्यांच्या दीर्घकथांत हात मुरलेला लेखक मुलांसाठी लिहायला बसला की बहुधा उपदेश सुरू होतो. इथे साहस आणि रहस्य यांनाच पुढे ठेवलं आहे, हे बरं. दहा ते चौदा वर्षांची मुलं स्वतः वाचतील. त्याहून लहानांना वाचून दाखवा, रोज दोन प्रकरणं. त्याहून जास्त नको. उत्सुकता शिल्लक राहिली तरच दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा मागितलं जातं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना जोडाक्षरांवर अडायला होतं. त्यांच्याकडून पहिलं पान वाचून घ्यायचा हट्ट धरू नये, पहिलं प्रकरण आपणच वाचावं.

छापील प्रत घेताना

दुकानात पुस्तक हातात आलं की मलपृष्ठावरचा मजकूर नंतर वाचा, आधी कणा वरून पाहा. पानांचे दुमडलेले गठ्ठे लहान लहान कमानींसारखे दिसले तर शिलाई बाइंडिंग आहे. सपाट, एकसंध गोंदाची पट्टी दिसली तर परफेक्ट बाइंडिंग. शिलाईचं पुस्तक उघडं ठेवलं की सपाट पडतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. परफेक्ट बाइंडिंगमध्ये गठ्ठ्यांच्या घड्या कापून गरम वितळलेला गोंद लावलेला असतो. तो चांगल्या प्रतीचा असेल तर काही बिघडत नाही. हलका असेल तर पुस्तक मधोमध जोरानं दाबून उघडताच कणा तडकतो आणि मग पानं सुटी व्हायला लागतात. असं पुस्तक नवं असताना थोडं पुढून, थोडं मागून असं दहा-दहा पानं उलगडत मधल्या भागापर्यंत आणावं. दोन मिनिटांचं काम आहे.

उन्हाळ्यात आणखी एक भानगड. काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, आणि याच गोंदाची तिथे मऊ व्हायला सुरुवात होते. पुस्तक तिथे उघडं पालथं पडलं असेल तर कणा वाकडा बसतो आणि गार झाल्यावर तसाच राहतो. पुन्हा सरळ होत नाही. डिकीत, कपड्यांच्या बॅगेत ठेवावं.

कागद सत्तर जीएसएमचा (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा), किंचित पिवळसर नॅचरल शेडचा असला तर गच्चीत, अंगणात, उजेडात वाचायला बरा. पांढराशुभ्र मॅपलिथो कागद दुपारी डोळ्यांवर येतो. पान उजेडासमोर धरा. मागची अक्षरं ठळक दिसत असतील तर कागद पातळ आहे, आणि दिव्याखाली वाचताना त्रास होणार.

पैसे देण्याआधी पानांचे आकडे चाळून घ्या. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मनी बांधतात. गठ्ठे लावताना एखादा राहिला की पान ४८ नंतर एकदम ६५ येतं. दोनदा लागला की ३३ ते ४८ पुन्हा येतात. म्हणून १६, ३२, ४८, ६४ अशा जोडांवर तेवढी नजर टाकली की पुरतं. ऑनलाइन मागवलेलं पुस्तक आलं त्याच दिवशी हे तपासा. बदलून मिळायची मुदत बहुतेक ठिकाणी थोडे दिवसच असते, आणि सुट्टीत नेऊन पंधरा दिवसांनी चूक सापडली तर काही करता येत नाही.

किमतीचा ठोकताळा: साध्या बांधणीच्या कादंबरीला पानामागे सव्वा ते पावणेदोन रुपये. त्याहून बरंच जास्त असेल तर छपाई मागणीनुसार, थोड्या प्रतींची असण्याची शक्यता आहे. त्यात वाईट काही नाही, पण मुखपृष्ठ फिकं आणि आतली काळी शाई किंचित चकचकीत दिसते. दहा ते वीस टक्के सवलत सर्रास मिळते. प्रकाशनपूर्व नोंदणीत ती पंचवीस-तीसपर्यंत जाते, मात्र पुस्तक कधी येईल याचा भरवसा धरू नये. जूनमध्ये आलेलं पुस्तक मेच्या कामाचं नाही.

ई-बुक

ॲमेझॉनच्या किंडल या ई-बुक वाचायच्या यंत्रावर मराठी अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६मध्ये.  तेव्हापासून मराठी पुस्तकांची यादी वाढली आहे, पण दर्जा प्रकाशकागणिक बदलतो. सहा-सात इंची, तीनशे पीपीआयच्या (इंचाला तीनशे ठिपक्यांच्या) पडद्यावर देवनागरी सुरेख उमटते. गोंधळ होतो तो फाइलमध्ये.

कारण जुनं आहे. मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. त्यातली अक्षरं युनिकोडची, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या सामाईक संकेतांची, नसतात, त्यामुळे ई-बुक करताना मजकूर रूपांतरित करावा लागतो. तिथे हमखास फुटतात ती रफार असलेली अक्षरं, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा ऱ, आणि ‘बॅग’, ‘ॲप’मधला ॲकार. मुद्रितशोधन छापील प्रतीचं झालेलं असतं. रूपांतरानंतर पुन्हा कुणी वाचलेलं असेलच असं नाही. बोलीतल्या पुस्तकात तर ही अडचण दुप्पट होते. ‘गेल्यालं’ हे चुकून उमटलंय की लेखकानंच लिहिलंय, हे वाचकाला ठरवता येत नाही.

तेव्हा विकत घेण्याआधी फुकट नमुना उतरवून घ्या आणि पाच मिनिटं तपासा. अक्षर मोठं-लहान करून पाहा. आकार बदलत नसेल आणि नुसतं पानच मोठं होत असेल तर ती छापील पानांची चित्रं आहेत. लहान पडद्यावर ती वाचता येत नाहीत, सोडून द्या. मग एखादा ‘ऱ्या’ असलेला शब्द शोधून पाहा. डोळ्यांना दिसतोय, पण शोधात सापडत नसेल, तर फाइलमध्ये तो वेगळ्या रीतीनं साठवला आहे. वाचायला अडचण नाही, पण पात्राचं नाव शोधत मागे जाणं जमणार नाही. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसले तर घाबरू नका, तो फक्त फॉन्टचा प्रश्न आहे.

ओळींत मोठमोठ्या फटी पडत असतील तर दोष लेखकाचाही नाही, प्रकाशकाचाही नाही. मराठी शब्द प्रत्यय लागून लांब होतात, यंत्र ते ओळीच्या शेवटी तोडत नाही आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या नादात मधली जागा ताणतं. मांडणीच्या सेटिंगमध्ये डावीकडे सरळ ठेवण्याचा पर्याय निवडा किंवा अक्षर एक पायरी लहान करा. दोन्ही केलं तर पान लगेच सुधारतं.

स्वतःकडे ईपब (ई-बुकाची फाइल) असेल तर २०२२पासून ती थेट किंडलवर पाठवता येते. ईमेलनं पन्नास एमबीपर्यंत, संकेतस्थळावरून दोनशे एमबीपर्यंत. विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीनं टाकायची सोय मात्र २६ फेब्रुवारी २०२५ला बंद झाली. त्यामुळे रेंज नसलेल्या गावी जाणार असाल तर घरीच, वायफायवर, पुस्तकं यंत्रात उतरवून एकदा उघडून पाहा. नुसतं मुखपृष्ठ दिसणं म्हणजे पुस्तक उतरलेलं असणं नव्हे.

ई-बुक स्वस्त असतं ही समजूत अर्धीच खरी. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-बुकावर २०१८पासून पाच टक्के आहे. ‘उसवण’सारखं छोटं पुस्तक सवलतीत छापीलच घेतलं तर फरक फारसा उरत नाही. परदेशातल्या मराठी वाचकांचं गणित निराळं. तिकडे टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या वर जातो, त्यांनी ई-बुकच घ्यावं आणि नमुना तपासण्याची वरची कसरत न चुकता करावी.

ऐकायचं असेल तर

स्टोरीटेल या ऑडिओबुक ऐकवणाऱ्या ॲपनं २०१७च्या नोव्हेंबरात भारतात पाऊल ठेवलं तेव्हापासून मराठी ऑडिओबुकाला बाजार मिळाला. बोलीतल्या कादंबरीसाठी ऐकणं हा खरं तर उत्तम मार्ग, कारण कान लागायची पंचवीस पानं वाचक-कलाकार आपल्यासाठी पार करून देतो. अट एकच: त्याला ती बोली यायला हवी. नाटकी गावरान हेल काढून वाचणारा आवाज कादंबरीची वाट लावतो. नमुना ऐकताना संवाद ऐकू नका, तिथे सगळेच बरे वाटतात. निवेदनाचा उतारा ऐका. बोली तिथे सहज उतरली असेल तर घ्या.

साधारण दोनशे पानांची कादंबरी, म्हणजे चौपन्न-पंचावन्न हजार शब्द, मिनिटाला एकशे दहाच्या गतीनं ऐकायला सव्वाआठ तास लागतात. मुंबईहून गाडीनं सावंतवाडीला पोचेपर्यंत ती जवळपास संपते. बोलीतलं पुस्तक एकपट गतीनंच ऐका. सव्वापट केलं की क्रियापदांचे शेवट गिळले जातात. फाइल ६४ केबीपीएसची असेल तर तासाला साधारण २९ एमबी जागा, म्हणजे एक कादंबरी अडीचशे एमबीच्या आत. घाटात रेंज जाते, आधीच उतरवून ठेवा. झोपताना ऐकायची सवय असेल तर वीस मिनिटांचा टायमर लावा, नाहीतर सकाळी कथा तीन प्रकरणं पुढे गेलेली असते.

‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ ऐकायच्या भानगडीत पडू नका. ‘उसवण’ आणि मुलांचं पुस्तक ऐकायला साजेसं. गुरवांच्या कथा चालतील, पण गाडी चालवताना नकोत. त्यातला विनोद बारीक आहे, अर्धं लक्ष असलं की निसटतो.

मिळवायची कशी

टपालानं पुस्तक पाठवणं १८ डिसेंबर २०२४ला महाग झालं, कारण रजिस्टर्ड बुक पोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त टपालसेवा बंद झाली. त्यानंतर १ मे २०२५पासून टपाल खात्याचं ज्ञान पोस्ट सुरू झालं: तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. जमिनीवरून जातं, त्यामुळे सावकाश पोचतं, पण माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, आणि आत जाहिराती नकोत. सोय शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे, तेव्हा कादंबरी चालेल ना, हे पाकीट बंद करण्याआधी खिडकीवर विचारून घ्यावं. वजनाचा अंदाज घरीच काढता येतो. सत्तर जीएसएम कागदावरचं दोनशे पानांचं डेमी पुस्तक मुखपृष्ठासह दोनशे तीस-चाळीस ग्रॅम भरतं, पाकीट धरूनही तीनशेच्या आत राहतं. ऐंशी जीएसएमवर अडीचशे पानं झाली की पुढच्या टप्प्यात गेलंच.

विकत घ्यायचं नसेल तर ग्रंथालय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं, पुणे नगर वाचन मंदिर त्याहून जुनं, १८४८चं. तालुक्याच्या गावीही बहुधा एखादं अनुदानित सार्वजनिक ग्रंथालय असतं. मे महिन्यात पुरस्कारप्राप्त कादंबरीला रांग असते, नाव नोंदवून ठेवा. कथासंग्रह मात्र बहुतेक वेळा कपाटातच असतो, मागणारे कमी. ग्रंथालयाची प्रत कडेनं शिवून पुन्हा बांधलेली असते, त्यामुळे आतली मोकळी कड शिलाईत जाते आणि ओळींचे शेवट कण्यात शिरतात. ‘रिंगाण’च्या बाबतीत हे फार जाचक ठरतं, कारण क्रियापदाची शेपटीच दिसेनाशी होते. तेवढी एक विकत घ्या, बाकीची ग्रंथालयातून आणा.

पाचगणी-महाबळेश्वरला जाणारे वाटेत भिलारला थांबतात. ४ मे २०१७ला सुरू झालेलं हे पुस्तकांचं गाव. घराघरांत विषयवार कपाटं, वाचायला पैसे नाहीत, पुस्तक बाहेर न्यायचं नाही. तिथे कादंबरी उघडू नका. कथेचं घर विचारा, एक लांब कथा निवडा आणि ती संपवूनच स्ट्रॉबेरीच्या गाड्याकडे वळा.